मानेची रचना, विकार आणि तपासणी : इतिहासाच्या अंगाने

या टिपणाचा विषय मान हा आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात उपयोजित यांत्रिकी शिकवतो. मी डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही, त्यामुळे इथे उपचार सांगणार नाही. मानेची रचना माणसाला कशी कळत गेली, तिचे विकार कोणी कोणत्या नावाने ओळखले आणि आज फिजिओथेरपिस्ट जी तपासणी करतो ती कुठून आली, एवढेच पाहू. फिजिओथेरपीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चाचण्यांची नावे पाठ असतात, पण त्यांच्यामागची माणसे आणि वर्षे माहीत नसतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बल, आघूर्ण, स्थैर्य हे सगळे येते, पण ते स्वतःच्या खांद्यावर रोज चाललेले असते हे लक्षात येत नाही. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे.

मी राहतो तो बंगळूरूचा सर्जापूर रोड हा या विषयाला बरा नमुना आहे. इथे मोठमोठी सॉफ्टवेअर कार्यालये आहेत आणि त्यांत दिवसभर पडद्यासमोर बसणारी हजारो माणसे आहेत, त्यांत मराठी घरांतली मुलेमुलीही बरीच. त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षे इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्या बांधकामांवर बायका डोक्यावर घमेले घेऊन फळीवरून चढतात. डोक्याखाली कापडाची चुंबळ असते. तिला कन्नडमध्ये सिंबी म्हणतात. पहिल्या गटातल्या माणसाची मान दुखली की तो संध्याकाळी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जातो. दुसऱ्या गटातल्या बाईची दुखली तर ती मलम चोळते आणि सकाळी परत घमेले उचलते. मानेच्या तपासणीचा इतिहास वाचताना हा फरक मला वारंवार दिसला, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

आधी रचना

मान खाली करा आणि मानेच्या मुळाशी बोट फिरवा. एक हाड ठळक लागेल. तो बहुतेकांचा सातवा मणका. मानेत मणके सातच. जिराफाच्या मानेतही सातच असतात आणि उंदराच्याही. सस्तन प्राण्यांत याला अपवाद अगदी थोडे, जसे स्लॉथ आणि मॅनाटी. पहिल्या मणक्याचे नाव अ‍ॅटलास, ग्रीक पुराणात आकाश पेलणाऱ्या देवावरून. तो कडीसारखा असतो, त्याला मधला ठोकळा नाही. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते, ती या कडीत बसते आणि तिच्याभोवती डोके फिरते. डावीउजवीकडे मान वळवताना जी हालचाल होते तिचा साधारण निम्मा भाग या एकाच सांध्यातून येतो. या दोन मणक्यांच्या मध्ये गादी नाही. गाद्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापासून खाली सुरू होतात.

मणके सात, पण मानेतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. विद्यार्थी इथे नेहमी अडखळतात. कारण साधे आहे : पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते, सातवी सातव्याच्या वरून, आणि सातव्याच्या खालून जी निघते ती आठवी. अंगठ्याकडची संवेदना मुख्यतः सहाव्या नसेची, मधल्या बोटाची सातव्या, करंगळीची आठव्या. म्हणून “मान दुखते आणि अंगठा बधिर होतो” असे कोणी सांगितले की तपासणाऱ्याचे लक्ष पाचव्या-सहाव्या मणक्याच्या मधल्या जागेकडे जाते. झीज सर्वाधिक दिसते तीही पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा या दोन जागी. तिसरी, चौथी आणि पाचवी नस मिळून श्वासपटलाची नस तयार होते. त्या पातळीच्या वर मज्जारज्जू तुटला तर श्वासच थांबतो.

आता यांत्रिकी. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो. त्याचा गुरुत्वमध्य कवटी जिथे मानेवर टेकते त्या बिंदूच्या किंचित पुढे असतो, म्हणून मागचे स्नायू सतत थोडे ओढत असतात. ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. बसमध्ये डुलकी लागली की डोके पुढे पडते ते याचमुळे. मान जितकी पुढे झुकेल तितका भाराचा भुज लांबतो, स्नायूंचा भुज मात्र फारसा वाढत नाही, त्यामुळे स्नायूंना कितीतरी जास्त ओढावे लागते आणि ती ओढ मणक्यांवर दाब म्हणून उतरते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली असा हिशेब प्रसिद्ध केला की मान साठ अंश झुकली तर मानेवर साधारण २७ किलोंचा भार येतो. मोबाइल पाहणाऱ्या मुलाचे ते चित्र तुम्हीही कुठेतरी पाहिले असेल. ते चित्र संगणकातील प्रतिमानावरून आले आहे, कोणाच्या मानेत तराजू घालून मोजलेले नाही. दिशा बरोबर आहे, पण आकडा देववाक्य समजू नये. आमच्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो की गृहीतके आधी विचारा.

पपायरस आणि सुश्रुत

मानेच्या दुखापतीची आपल्याला माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद इजिप्तमधली आहे. एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने १८६२ साली लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. जेम्स ब्रेस्टेड यांनी त्याचे भाषांतर १९३० साली प्रसिद्ध केले. त्यात जखमांची एकेक प्रकरणे आहेत, डोक्यापासून खाली उतरत जाणारी, आणि मानेच्या मणक्यांची काही आहेत. एका प्रकरणात मानेचा मणका निखळलेला माणूस आहे : त्याला हातापायांची जाणीव नाही, लघवीवर ताबा नाही. त्यापुढे वैद्याने काय म्हणावे तेही लिहिले आहे. हा आजार उपचार करण्याजोगा नाही.

हा निकाल कठोर वाटेल, पण ती तपासणीच आहे आणि चांगली तपासणी आहे. वैद्याने मान पाहिली, मग हात-पाय विचारले, मग लघवीचे विचारले, आणि या सगळ्यांचा मानेशी संबंध जोडला. आजचा फिजिओथेरपिस्ट मानेच्या रुग्णाला पाय आणि लघवीबद्दल विचारतो तेव्हा रुग्ण चकित होतो. प्रश्न मात्र साडेतीन हजार वर्षांचा आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मानेबद्दल बरेच काही आहे. मानेतील हाडे सुश्रुत नऊ मोजतो, चरक पंधरा. आजचा विद्यार्थी लगेच म्हणेल की दोघेही चुकले. पण मोजायचे काय यावर संख्या ठरते. जुन्या गणनेत कूर्चाही हाडांत धरल्या जात. रुडॉल्फ हर्नले यांनी १९०७ साली प्राचीन भारतीय अस्थिगणनेवर एक अख्खे पुस्तक लिहिले आणि या दोन परंपरांचा ताळा घालण्याचा प्रयत्न केला. सुश्रुताने प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, कुजू देऊन, कुंचीने थर काढत पाहायला सांगितले आहे. अशा पद्धतीत हाडे आणि अस्थिबंध दिसतात, नसांचे बारीक जाळे दिसणे अवघड.

सुश्रुताची दोन निरीक्षणे मला विशेष वाटतात. एक, डोके आणि मान यांच्या सांध्यावर त्याने कृकाटिका नावाची दोन मर्मे सांगितली आहेत आणि तिथे घाव बसला तर डोके स्थिर राहत नाही, हलत राहते, असे म्हटले आहे. कवटी आणि पहिल्या दोन मणक्यांच्या जागेचे महत्त्व यातून स्पष्ट दिसते. दुसरे, मन्यास्तंभ, म्हणजे मान आखडणे. त्याची कारणे देताना दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे-उभे राहणे आणि वर टक लावून पाहणे ही तो सांगतो. दोष वात आणि कफ यांच्या भाषेत मांडला आहे, ती भाषा आज आपण वापरत नाही. पण बसण्याच्या पद्धतीवर बोट ठेवायला लॅपटॉपची वाट पाहावी लागली नव्हती.

युरोपात व्हेसालियसचा ग्रंथ १५४३ साली आला आणि मणक्यांची चित्रे अचूक झाली. आपल्याकडे आधुनिक पद्धतीचे शवविच्छेदन कलकत्त्यात १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी केले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. एवढे झाल्यावरही मानेचे दुखणे म्हणजे ‘संधिवात’ किंवा ‘नसांचा दाह’ एवढीच समजूत बराच काळ होती. हाडांचे चित्र होते, पण दुखण्याचा धागा सापडला नव्हता.

गादी, नस आणि मज्जारज्जू

१८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाचा मणका दिसू लागला. गाद्या मात्र क्ष-किरणात दिसत नाहीत, मधली जागा कमी झालेली दिसते एवढेच. १९३४ साली मिक्स्टर आणि बार यांनी कमरेच्या गादीचा भाग बाहेर येऊन नस दाबतो हे मांडले. दहा वर्षांनी, १९४४ मध्ये, स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी मानेच्या बाबतीत तेच दाखवले. खांदा आणि हात दुखण्याचे कारण पुष्कळदा मानेत असते, आणि त्यासाठी त्यांनी एक सोपी चाचणी दिली. रुग्णाला बसवायचे, डोके मागे आणि दुखऱ्या बाजूला कलते करायचे, आणि माथ्यावरून हळूच खाली दाबायचे. हातात ओळखीची कळ गेली तर नस दाबली जात आहे असा संशय पक्का होतो. डोके वर उचलून धरल्यावर कळ कमी झाली तर तो आणखी पक्का. याला काही यंत्र लागत नाही.

१९५२ साली रसेल ब्रेन, नॉर्थफील्ड आणि विल्किन्सन या तिघांनी लंडनमधून मानेच्या स्पाँडिलोसिसवर जो लेख लिहिला तो आजही महत्त्वाचा मानतात. (मेंदूविकारतज्ज्ञाचे आडनाव ब्रेन आणि लेख छापला त्या नियतकालिकाचे नावही ब्रेन. विद्यार्थ्यांना हे कधीच विसरता येत नाही.) त्यांनी झीज झालेल्या मणक्यांमुळे केवळ नसच नाही तर मज्जारज्जूही दबू शकतो हे वेगळे काढून दाखवले. हा फरक फार मोलाचा आहे. नस दबली तर हात दुखतो, बधिर होतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतो. मज्जारज्जू दबला तर दुखेलच असे नाही. शर्टाची गुंडी लावता येत नाही, घास नीट वळता येत नाही, चालताना पाय अडखळतात. घरचे म्हणतात, वय झाले. आणि वेळ निघून जाते.

जपानमधील ओनो आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली अशा हातासाठी एक साधी चाचणी मांडली : दहा सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण मिटता आणि उघडता येते ते मोजायचे. निरोगी माणूस वीसच्या आसपास करतो. घरातल्या आजी-आजोबांना कधी करून पाहायला सांगा. कमी आले म्हणजे आजार आहेच असे नाही, पण त्यांच्या हाताचा वेग आणि चाल दोन्ही मंदावत असतील तर डॉक्टरांकडे जायला ते पुरेसे कारण आहे. मलम, शेक आणि पट्टा यांत तेव्हा महिने घालवू नयेत.

याच्या उलट भीतीही आहे, आणि सर्जापूर रोडवर मला तीच जास्त भेटते. तिशीतला मुलगा एमआरआयचा कागद घेऊन येतो, त्यावर दोन-तीन जागी गादी फुगल्याचे लिहिलेले असते, आणि त्याने मनाने स्वतःला म्हातारा ठरवून टाकलेले असते. जपानमध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय केले. २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. ८७.६ टक्के लोकांत गादी फुगलेली होती. विशीतल्यांतही बहुसंख्यांत होती. म्हणजे कागदावर जे दिसते ते दुखण्याचे कारण असेलच असे नाही, आणि म्हणूनच हाताने करायची तपासणी यंत्र आल्यावरही संपलेली नाही.

मुंबईत ही विद्या कशी आली

फिजिओथेरपी हा व्यवसाय म्हणून इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी सुरू केलेल्या संस्थेतून वाढला. पहिल्या महायुद्धाने त्याला काम दिले आणि पोलिओने पद्धत दिली. अमेरिकेत व्हर्माँट राज्यात पोलिओची साथ आल्यावर रॉबर्ट लव्हेट आणि विल्हेल्मिन राइट यांनी एकेका स्नायूची ताकद हाताने जोखून श्रेणी द्यायची रीत बसवली. आजची शून्य ते पाच ही मोजणी त्याच घराण्यातली.

मुंबईतही पोलिओच निमित्त ठरला. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. मद्रासच्या डॉ. एम. जी. किणी यांच्या उपचारांनी ती सावरली आणि त्यानंतर बाईंनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातून पुढे हाजी अलीची संस्था उभी राहिली. हाताने शास्त्रशुद्ध व्यायाम करून घेणारी प्रशिक्षित माणसे मात्र देशात जवळजवळ नव्हती. १९५३ साली परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली आणि त्याच साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली.

पोलिओच्या मुलाची मान तपासणे हा या विद्येचा एक मूळ धडा होता. झोपलेल्या मुलाला हात धरून उठवायचे आणि डोके बरोबर येते की मागे लोंबते ते पाहायचे. मानेच्या पुढच्या स्नायूंची अवस्था त्यातून कळते. मग मूल श्वास घेताना मानेचे स्नायू ताणले जातात का ते पाहायचे, कारण श्वासपटल दुबळे झाले की मान श्वासाला मदत करायला धावते. व्लादिमीर यांदा या चेक डॉक्टरांना किशोरवयात पोलिओ झाला होता. पुढे त्यांनीच छातीचे व मानेमागचे स्नायू आखडणे आणि मानेच्या पुढचे खोल स्नायू दुबळे पडणे या आडव्या-उभ्या असमतोलाचे वर्णन केले. आज खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला फिजिओथेरपिस्ट तेच समजावतो. त्या खोल स्नायूंसाठी ऑस्ट्रेलियात ग्वेंडोलन जल यांनी चाचणी बसवली : मानेखाली हवेची छोटी पिशवी, दाब २० मिलिमीटर पाऱ्यापासून दोन-दोनने ३० पर्यंत न्यायचा, हनुवटी हलकेच आत घेऊन. करून पाहिले तर ताकदीच्या माणसालाही घाम फुटतो.

पपायरसमधल्या त्या निकालाचे पुढे काय झाले? पहिल्या महायुद्धापर्यंत तो बहुतांशी खराच होता. मज्जारज्जू तुटलेले बहुतेक सैनिक जंतुसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी जात. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी वेगळा विभाग सुरू केला, रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवले, मूत्राशयाची काळजी घेतली, खेळायला लावले. त्याच वर्षी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९७४ पासून खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथे मणक्याला इजा झालेले सैनिक राहतात. मानेतून मज्जारज्जू गेलेला माणूस आजही चालू लागेलच असे नाही, पण ‘उपचार करण्याजोगा नाही’ हे वाक्य आता कोणी म्हणत नाही.

अभियंत्याचा हातभार

आमच्या विषयाचे एक नाव इथे सांगितलेच पाहिजे. मनोहर पंजाबी हे मूळचे यंत्र अभियंता. येल विद्यापीठात त्यांनी मणक्यांचे यांत्रिकी उभे केले. ऑगस्टस व्हाइट या शल्यचिकित्सकाबरोबर त्यांनी १९७८ साली लिहिलेला ग्रंथ अजून वापरात आहे. १९९२ साली त्यांनी मांडले की मणक्याचे स्थैर्य तीन व्यवस्था मिळून सांभाळतात : हाडे व अस्थिबंध, स्नायू, आणि त्यांना हुकूम देणारी चेतासंस्था. सांध्याच्या हालचालीत सुरुवातीचा एक टप्पा असा असतो की तिथे विरोध जवळजवळ नसतो. तो टप्पा प्रमाणाबाहेर वाढला तर मणका अस्थिर. ढिल्या बेअरिंगची चाल तुम्ही कार्यशाळेत मोजली असेल, तर हे समजायला वेळ लागणार नाही.

त्यानंतर चाचण्यांचीच परीक्षा सुरू झाली. वेनर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की स्पर्लिंगची चाचणी, डोके उचलून धरण्याची चाचणी, हाताची नस ताणण्याची चाचणी आणि दुखऱ्या बाजूला मान साठ अंशांपेक्षा कमी वळणे, या चारही गोष्टी जुळल्या तर नस दबल्याची शक्यता सुमारे ९० टक्के होते. एकटी कोणतीही चाचणी एवढा भरवसा देत नाही. अपघातानंतर क्ष-किरण काढायचा की नाही यासाठी कॅनडात २००१ साली नियम बसला, त्यातही शेवटचा प्रश्न साधाच आहे : मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळते का? आमच्याकडच्या काही मुलांनी मोबाइलमधल्या सेन्सरवर हे अंश मोजण्याचा प्रकल्प केला. कोनमापकाच्या जवळपास उत्तरे आली. टोपीला मोबाइल घट्ट बांधणे हीच खरी अडचण होती.

माथा आणि माथाडी

आता सुरुवातीला सांगितलेल्या फरकाकडे येतो. केईएम परळला. तिथून मशीद बंदरच्या गोदामांचा रस्ता काही फार लांब नाही. तिथे त्याच काळात धान्य, साखर, मसाले यांची पोती माथ्यावर आणि पाठीवर वाहिली जात होती. माथ्यावर वाहतो तो माथाडी. क्विंटलभराचे पोते ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत या कामगारांना संघटित केले. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, आणि तेही पेशाने वैद्यकीय व्यावसायिक होते. १९६९ साली ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ झाला. त्याने नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांसाठी मंडळे आणली. एका माणसाने किती किलो उचलावे हा प्रश्न मात्र वेगळा राहिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल वजनावर करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. भारताने तो करार मान्य केला २०१० साली.

डोक्यावरच्या ओझ्याचे यांत्रिकी झुकलेल्या मानेपेक्षा वेगळे आहे. ओझे सरळ माथ्यावर असेल तर भुज जवळजवळ शून्य, म्हणून स्नायूंना ओढावे लागत नाही. पण सगळा दाब थेट मणक्यांवर. पन्नास किलोंचे पोते आणि पाच किलोंचे डोके, म्हणजे पंचावन्न. हंसराज यांच्या साठ अंशांच्या आकड्याच्या दुप्पट. चुंबळ हा दाब कवटीवर पसरवते आणि ओझे डुगडुगू देत नाही, पण मणक्यांवरचा दाब ती कमी करू शकत नाही. १९८६ साली ‘नेचर’मध्ये केनियातील बायकांवर एक प्रसिद्ध लेख आला : स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझे डोक्यावर घेऊन त्या जवळजवळ जास्तीची ऊर्जा न खर्चता चालत होत्या. हे वाचून लोक कौतुक करतात, आणि कौशल्य खरेच कौतुकाचे आहे. पण प्राणवायू मोजला म्हणजे मणका मोजला असे नाही. लेव्ही या डॉक्टरांनी १९६८ साली आफ्रिकेतील ओझेवाल्यांच्या मानेच्या इजांवर लिहिताना ‘पोर्टर्स नेक’ असे नाव वापरले. घानामध्ये १९९४ साली झालेल्या अभ्यासात डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेत झीज जास्त आढळली.

स्पर्लिंगच्या चाचणीत तपासणारा माथ्यावर हाताने थोडा दाब देतो आणि रुग्ण कळवळला की लगेच थांबतो. हमाल तो दाब दिवसभर घेतो. तरी मानेच्या त्रासाची मोजपट्टी कोणासाठी बनली ते पाहा. १९९१ साली हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मायर यांनी मानेच्या अपंगत्वाची दहा कलमी प्रश्नावली तयार केली. पन्नासपैकी गुण. जगभर तीच चालते. दहा कलमांत वाचन आहे, गाडी चालवणे आहे, करमणूक आहे, वजन उचलणेही आहे. डोक्यावर ओझे घेऊन चालणे नाही. घमेले वाहणाऱ्या बाईला “वाचताना किती त्रास होतो, गाडी चालवताना किती” असे विचारले तर दोन कलमे रिकामी राहतील. उरलेल्यांवर टक्केवारी काढता येते हे खरे, पण जिथे तिला खरा त्रास होतो तो प्रश्न कागदावर नसतोच.

तुमच्यापैकी जे फिजिओथेरपी शिकत आहात त्यांनी पुढच्या प्रात्यक्षिकात एवढे करून पाहावे. तपासणीच्या कागदावर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजूर’ लिहून पुढे जाऊ नका. ओझे किती किलोचे, माथ्यावर की खांद्यावर की पाठीवर, चुंबळ कशाची, दिवसात किती फेऱ्या, चढ आहे का, ओझे डोक्यावर चढवून द्यायला दुसरे कोणी असते का, हे विचारा. हात न लावता माथ्यावर पोते असताना मान कशी राहते ते पाहता आले तर पाहा. आणि अभियांत्रिकीच्या मुलांनी वहीत दोन मुक्तपिंड आकृत्या काढाव्यात : एक तीस अंश झुकलेल्या रिकाम्या डोक्याची, एक ताठ मानेवर वीस किलोंच्या घमेल्याची. भुज स्वतःच्या मानेवर पट्टी लावून अंदाजे मोजा. सातव्या मणक्यावरचा दाब दोन्हींत किती येतो ते काढा, आणि मग दोन्ही माणसे त्या स्थितीत दिवसाचे किती तास असतात ते सर्जापूर रोडवर उभे राहून मोजून या.